शिकारी पक्ष्यांचें अन्न आणि त्यांच्या अंगचे परोपजीवी

बांधावरील आंब्यावर अगर निंबावर बांडगूळ चढलेलें ज्यानें पाहिलें नाहीं असा शेतकरी विरळा. पाऊसपाणी बरें असतें त्या वर्षीं झाड बांडगुळास पोसून स्वतःहि मोहरतें. परंतु लागोपाठ दोन वर्षें अवर्षण पडलें कीं तेंच झाड शेंड्याकडून वाळूं लागतें, आणि मग आपण म्हणतों कीं बांडगुळानें झाड खाल्लें. वास्तविक बांडगूळ पूर्वींहि होतेंच. कमी झालें तें मुळाशीं असलेलें पाणी. गोठ्यांतहि हाच अनुभव येतो. वैरण सरून जनावर रोडावलें म्हणजे गोचिडी त्यास विशेष जाचतात. तेंच जनावर हिरव्या चाऱ्यावर सुधारलें कीं तेवढ्याच गोचिडींचें त्यास फारसें कांहीं वाटत नाहीं.

हाच नियम रानांतील शिकारी पक्ष्यांसहि लागू आहे. घुबड, घार, ससाणा, शिक्रा यांच्या अंगावर, आंतड्यांत व रक्तांत परोपजीवी जंतु आणि कृमि बहुधा असतातच. परंतु त्यांच्यापायीं पक्षी मरावा कीं जगावा, हें पुष्कळ अंशीं त्यास मिळणाऱ्या अन्नावर ठरतें. शेतीच्या मासिकांत हा विषय कशास, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, हे पक्षी आपल्या शेतांतील उंदीर खाऊन जगतात, आणि त्यांच्या कोठाराची किल्ली बहुतांशीं आपल्याच हातीं आहे. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. आमचें आयुष्य महसूल कचेरींत पैसेवारीचीं व टंचाईचीं पत्रकें तयार करण्यांत गेलें. परंतु पाहिलेलें टिपून ठेवण्याची जी संवय त्या नोकरीनें लाविली, तिचा उपयोग ह्या कामीं झाला. आणि विद्वानांनीं केलेल्या संशोधनाशीं आमची अल्पशी नोंद ताडून पाहिल्यावर जें समजलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

शेताचे बिनपगारी राखणदार

तापी, गिरणा व पांझरा यांच्या खोऱ्यांत उंदीर मारणारे शिकारी पक्षी सर्वांच्या पाहण्यांतले आहेत. जुन्या वाड्यांच्या माळ्यावर, पडक्या देवळांत व विहिरींच्या कपारींत राहणारें पांढऱ्या तोंडाचें गव्हाणी घुबड. झाडाच्या ढोलींत जोडीनें राहणारा ठिपकेदार पिंगळा. तारेवर बसून अगर हवेंत एकाच जागीं पंख फडफडवीत खालीं टेहळणारी, लाल डोळ्यांची कापशी घार. गांवावर घिरट्या घालणारी साधी घार. आणि झाडींतून अवचित झडप घालणारा शिक्रा. हिंवाळ्यांत भोवत्या व खरुची हे उत्तरेकडील पाहुणेहि आपल्या शेतांवर येतात. यांपैकीं गव्हाणी घुबड व कापशी घार यांचा उदरनिर्वाह मुख्यत्वें उंदरांवर चालतो. ज्वारी, गहूं, भुईमूग यांच्या शेतांत उंदीर मातले कीं कापशी तेथें गोळा होतात व घरटीं करितात. उंदीर ओसरले कीं निघून जातात. गव्हाणी घुबडास मात्र आपली वास्तूची जागा सहसा सोडवत नाहीं. उंदीर कमी झाले तरी तें तेथेंच राहतें, आणि टंचाईची झळ त्याच्या पिलांस लागते.

परोपजीवींचे चार वर्ग

पहिला वर्ग अंगावर राहणाऱ्यांचा: पिसांतील उवा, पिसवा, गोचिडी आणि पिसांखालीं सरपटणाऱ्या चपट्या माश्या. दुसरा वर्ग पोटांतल्यांचा: गोल कृमि, फीतकृमि व डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्म जंतु. यांपैकीं पुष्कळ शिकारीबरोबरच पोटांत जातात. सार्कोसिस्टिस नांवाच्या एका जंतूचें चक्र पाहण्यासारखें आहे. तो घुबडाच्या आंतड्यांत वाढतो, विष्ठेंतून जमिनीवर पडतो, तेथून उंदराच्या पोटांत व पुढें त्याच्या मांसांत ठाण मांडतो, आणि तो उंदीर घुबडानें खाल्ला म्हणजे पुन्हा मूळ मुक्कामीं येतो.

तिसरा वर्ग रक्तांतील जंतूंचा. आजच्या युक्रेनमधील खारकोव्ह येथें डॅनिलेव्हस्की नांवाच्या संशोधकास १८८४ च्या सुमारास पक्ष्यांच्या, विशेषतः घुबडांच्या रक्तांत असे जंतु प्रथम दिसले. पुढें १८९८ सालीं कलकत्त्यास रोनाल्ड रॉस यांनीं चिमण्या व इतर पांखरांवर प्रयोग करून पक्ष्यांचा हिंवताप डांसांच्या दंशानें पसरतो हें सिद्ध केलें. मनुष्याच्या हिंवतापाचें कोडें उलगडण्यासहि त्याचें मोठें साह्य झालें, आणि १९०२ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. हिंवतापाच्या ह्या जंतूचे दोन भाऊबंद आहेत. एक चिलटें व चपट्या माश्या यांच्याकरवीं पसरतो व दुसरा वाहत्या पाण्याजवळ वाढणाऱ्या लहान काळ्या माश्यांकरवीं. चौथा वर्ग घशांतील जंतूंचा. त्याविषयीं पुढें सांगूं.

ह्या सर्वांविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. परोपजीवीचें हित सामान्यतः यजमान जिवंत राहण्यांत असतें. धडधाकट पक्षी हा भार वर्षानुवर्षें वाहतो, अंडीं घालतो, पिलें वाढवितो, आणि पाहणारास कांहीं कळतहि नाहीं.

आमच्या नोंदवहींतील दोन वर्षें

आमच्या भाड्याच्या घरामागें एका पडक्या वाड्याच्या माळ्यावर गव्हाणी घुबडांची जोडी राहत असे. घुबड उंदीर बहुधा अख्खा गिळतें, आणि न पचलेलीं हाडें व केंस यांची गोळी करून तोंडावाटे टाकतें. ह्या गोळ्या पाण्यांत भिजवून त्यांतील कवट्या निवडल्या म्हणजे त्या जोडीनें काय खाल्लें याचा जणूं उतारा हातीं येतो. आम्हांस त्या गोळ्या तपासण्याचा छंद लागला होता.

२०१८ सालीं पाऊस दगा देऊन गेला. ऑक्टोबरच्या अखेरीस शासनानें राज्यांतील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील पुष्कळ तालुके होते. त्या हिंवाळ्यांत ह्या जोडीस पांच पिलें झालीं. घुबडाचीं अंडीं एकाच दिवशीं उबत नाहींत, त्यामुळें थोरलें पिलूं चांगलें वाढलें तरी धाकटें लोकरीच्या गोळ्याएवढेंच असतें. आरंभीं गोळ्यांत उंदरांच्या कवट्या मिळत. पुढें त्या कमी होऊन पालींचीं हाडें व किड्यांच्या टणक पाठी मिळूं लागल्या. महिनाभरांत धाकटीं तीन पिलें एकामागून एक खालीं मरून पडलीं.

त्यांतील एक आम्ही जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलें. पिसांत उवा बुजबुजत होत्या. आंतडें कापतांच कृमींचा गुंता बाहेर आला. आम्ही म्हणालों, "हे कृमीच पिलाच्या जिवावर उठले म्हणायचे." डॉक्टर वयानें आमच्या मुलासारखे. ते म्हणाले, "भाऊसाहेब, कृमि दिसले म्हणून सारा दोष त्यांना देऊं नका. आधीं ही छाती पाहा. हाड विळ्याच्या धारेसारखें वर आलेंय, त्यावर मांस म्हणून उरलेंच नाहीं. हें उपाशी होतें. पोटभर मिळालें असतें तर एवढे कृमि घेऊनहि उडून गेलें असतें."

आम्ही निरुत्तर झालों. कारण त्याच पंधरवड्यांत, वाड्याला लागूनच असलेल्या आमच्या धाकट्या बंधूंच्या मळ्यांत, आमच्याच सल्ल्यावरून झिंक फॉस्फाईडचें आमिष सगळ्या बिळांत घातलें होतें. डॉक्टरांस पिलाच्या पोटांत विषाची कांहीं खूण दिसली नाहीं. आम्हीं पिलांस विष दिलें नव्हतें. आम्हीं त्यांच्या पुढचें ताट उचललें होतें. दुष्काळानें अर्धें केलेलें अन्न आम्हीं एका रात्रींत नाहींसें केलें, आणि उरलेलें काम कृमींनीं पुरें केलें. दुष्काळांत तेरावा महिना म्हणतात तो हाच.

२०१९ सालीं पाऊस मुबलक झाला. गवत वाढलें, उंदीर वाढले. बंधूंनीं त्या वर्षीं विषाऐवजीं सापळे लाविले. त्याच जोडीस पुन्हा चार पिलें झालीं व चारहि उडालीं. त्यांतील एक पिलूं माळ्यावरून खालीं पडलें असतां आम्हीं तें उचलून वर ठेविलें; त्याच्याहि पिसांत उवा होत्या, तशाच चपट्या माश्या होत्या. परंतु छाती भरलेली होती, आणि हातांत धरतांच त्यानें नख्यांनीं आमचें मनगट रक्तबंबाळ केलें. त्या दुखण्याचा आम्हांस आनंदच झाला.

भुकेचा व रोगाचा संबंध कसा जुळतो

एका जोडीच्या दोन वर्षांवरून सिद्धांत काढणें योग्य नव्हे. म्हणून शास्त्र काय म्हणतें तें पाहूं. शरीराचा व्यवहार संसाराच्या जमाखर्चासारखा आहे. अन्न ही जमा. अंग ऊबदार ठेवणें, उडणें, वाढणें, अंडीं घालणें, पिलांस भरविणें आणि रोगाशीं झगडणें हा खर्च. रक्तांतील पांढऱ्या पेशी व जंतूंस निष्प्रभ करणारीं द्रव्यें शरीरास प्रथिनांपासून तयार करावीं लागतात. जमा घटली कीं खर्चास कात्री लागते, आणि पुष्कळदां ती आज न दिसणाऱ्या खर्चास, म्हणजे रोगप्रतिकारास लागते. अवर्षणांत आपण पेरणीचें कर्ज फेडतों पण घराचें छप्पर शाकारण्याचें लांबणीवर टाकतों, तसेंच हें होय.

दुसरें असें कीं, दीर्घ उपासमारीनें शरीरांत ताणाचें एक द्रव्य वाढतें. तें सांठवलेली चरबी व पुढें स्नायूंचें मांस मोडून तात्पुरती शक्ति पुरवितें, परंतु त्याचा अंमल लांबला तर प्रतिकारशक्ति मंदावते. तिसरें, रक्तांतील जंतु एकदा शिरले कीं बहुधा पुरते जात नाहींत. ते यकृतादि अवयवांत दबून राहतात आणि विणीच्या दगदगींत किंवा अशक्तपणांत पुन्हा डोकें वर काढतात. चौथें, भुकेला पक्षी दिवसभर शिकारीमागें हिंडतो. चोंचीनें पिसें विंचरून उवा काढण्यास त्यास उसंत राहत नाहीं. यानंतर उलटा फेरा सुरू होतो: परोपजीवी वाढले कीं पक्षी अधिक अशक्त होतो, अशक्त पक्ष्यास शिकार साधत नाहीं, आणि शिकार नाहीं म्हणून परोपजीवी आणखी वाढतात.

ह्या मताची परीक्षा फिनलंड देशांत झाली आहे. तेथें रानउंदरांची संख्या सुमारें तीन वर्षांच्या फेऱ्यानें चढते व उतरते, आणि त्यांवर जगणाऱ्या खरुचीची वीणहि त्याबरोबर कमीअधिक होते. वीन व कोर्पिमाकी ह्या संशोधकांनीं विणीच्या हंगामांत कांहीं जोड्यांस जादा अन्न पुरविलें व कांहींस पुरविलें नाहीं, आणि दोहोंचें रक्त सूक्ष्मदर्शकाखालीं तपासलें. १९९८ सालीं त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: जादा अन्न मिळालेल्या माद्यांत रक्तजंतूंचा प्रादुर्भाव कमी होता. येथें औषध कोणतेंच नव्हतें. अन्न हेंच औषध.

अन्न किती, तसेंच कोणतें

यावरून कोणी म्हणेल कीं, मग पक्ष्यांस कांहींहि खाऊं घालावें म्हणजे झालें. तसें नाहीं. स्पेन देशांत मोरघार आहे, तीच मोरघार आपल्या सातपुड्याच्या कड्यांवरहि आढळते. तेथें तिचें मुख्य भक्ष्य ससे व तित्तिर. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सशांत एक घातक सांथ पसरून त्यांची संख्या फार घटली. भक्ष्य दुर्मिळ झालें तेथें मोरघारींस कबुतरांवर अधिक भिस्त ठेवावी लागली. आतां कबुतरांच्या घशांत ट्रायकोमोनास नांवाचा जंतु पुष्कळदां असतो. कबुतरास त्याचा फारसा त्रास होत नाहीं, परंतु मोरघारीच्या पिलांच्या तोंडांत व घशांत त्यामुळें पिवळसर चिकट गांठी वाढतात, घांस गिळवेनासा होतो आणि पिलूं मरतें. पोट भरलें, तरी अन्नाबरोबर रोग आला. म्हणजे टंचाई दोन वाटांनीं मारते: अन्न कमी करून, आणि नको तें अन्न खावयास लावून.

गांवाच्या उकिरड्यावर घारींची गर्दी होते तेथेंहि विचार करण्यासारखें आहे. एका जागीं पुष्कळ पक्षी जमले कीं एकाचे जंतु दुसऱ्यास लागण्याची सोय होते. म्हणून पक्ष्यांपुढें अन्न टाकण्यापेक्षां त्यांचें स्वाभाविक अन्न रानांत व शेतांत विखुरलेलें राहूं देणें हाच श्रेयस्कर मार्ग होय.

सातपुड्यांतील रानपिंगळा

ही गोष्ट ज्याच्या बाबतींत सर्वांत निकराची आहे असा एक पक्षी खानदेशाच्या नशिबीं आला आहे. रानपिंगळा हा पक्षी प्रथम १८७२ सालीं आजच्या छत्तीसगडांतील फुलझर भागांत मिळाला, व १८७३ सालीं ॲलन ह्यूम यांनीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. हे ह्यूम त्या वेळीं हिंदुस्थान सरकारच्या महसूल व शेतकी खात्याचे चिटणीस होते. पुढें मुंबई सनदी नोकरींतील जेम्स डेव्हिडसन यांनीं १८८० नंतरच्या कांहीं वर्षांत पश्चिम खानदेशांतून त्याचे नमुने मिळविले. १८८४ नंतर मात्र त्याचा खात्रीलायक ठाव लागेना. पक्षी नामशेष झाला असें पुष्कळांस वाटूं लागलें. तब्बल ११३ वर्षांनीं, २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं, पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांस तो शहाद्याजवळच्या रानांत दिसला. शहादें त्या वेळीं धुळें जिल्ह्यांत होतें. १ जुलै १९९८ पासून तें नंदुरबार जिल्ह्यांत आहे. जळगांव जिल्ह्यांतील यावल अभयारण्यांतहि हा पक्षी पुढें आढळला.

रानपिंगळा दिवसा शिकार करतो. सरडे-पाली हें त्याचें मोठें भक्ष्य. त्याखेरीज उंदीर, किडे वगैरे. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या वतीनें फराह इश्तियाक व असद रहमानी यांनीं तोरणमाळच्या रानांत त्याचा अभ्यास केला. आणि विशेष हें कीं, त्याच इश्तियाक बाई पुढें पक्ष्यांच्या रक्तांतील हिंवतापी जंतूंच्या अभ्यासांत नांवाजल्या. २०१८ सालीं ह्या पक्ष्याची गणना अति-संकटग्रस्त वर्गांतून संकटग्रस्त वर्गांत झाली, तरी प्रौढ पक्ष्यांची अंदाजलेली संख्या एक हजाराच्या आंतच आहे. ज्यांची संख्या लाखांत आहे त्यांतील कांहीं पिलें एखाद्या वर्षीं मेलीं तर ती तूट भरून येते. परंतु ज्याचें सारें भांडवलच थोडें, त्यास एक वाईट वर्षहि भारी पडतें. रानांतील पालापाचोळा व गवत वणव्यांत जळालें कीं सरडे व किडे जातात. सरडे गेले कीं रानपिंगळ्याची जमा बुडते. त्याच्या भल्याचें पहिलें कलम म्हणजे वणवा लागूं न देणें.

आपण काय करावें

उंदरांचा नायनाट करूं नका असें आम्ही शेतकऱ्यांस सांगणार नाहीं. पीक वांचविलेंच पाहिजे. परंतु रीत बदलतां येईल. प्रथम संध्याकाळीं सर्व बिळें मातीनें बुजवावीं व सकाळीं जीं उकरलेलीं दिसतील तेवढींच वाहतीं समजावीं. उपाय त्यांवरच करावा. शक्य तेथें सापळे वापरावे. ब्रोमॅडिओलोनसारखें रक्त पातळ करणारें विष विशेष जपून वापरावें. तें खाल्लेला उंदीर लगेच मरत नाहीं, कांहीं दिवस मंदपणें हिंडतो, आणि असा सुस्त उंदीर घुबडास सहज सांपडून विष त्याच्या पोटांत जातें. कोणतेंहि विष वापरलें तरी मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावे. जेथें घुबडांचीं पिलें आहेत त्याच्या आसपास तीं उडेपर्यंत आमिष घालूं नये. तेवढे दिवस आईबापच आपलें काम करीत असतात.

शेतांत इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे पक्षिथांबे उभारावे. कापशी व पिंगळा त्यांवर बसून शिकार करितात. बांधावरील ढोलीचें जुनें झाड निरुपयोगी समजून तोडूं नये. एखादें पिलूं खालीं पडलेलें दिसलें तर तें घरट्यांत परत ठेवावें; जखमी असेल तर वनखात्यास कळवावें. त्यास कबुतराचें मांस भरवूं नये. कारण वर आलेंच आहे. घुबड अशुभ म्हणून मारणें, अगर जादूटोण्यासाठीं पकडणें, हें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहेच. शिवाय जें लक्ष्मीचें वाहन मानलें जातें त्यास मारून लक्ष्मी घरांत कशी येणार, याचाहि ज्याचा त्यानें विचार करावा.

पैसेवारी काढतांना आम्ही पिकाची, चाऱ्याची व पाण्याची नोंद घेत असूं. माळ्यावरच्या घुबडाच्या पदरांत किती पडलें, याचा रकाना त्या पत्रकांत नसे. आतां मात्र पुढच्या टंचाईच्या वर्षीं, बिळांत आमिष घालण्यापूर्वीं, वाचकांनीं एकदां वाड्याच्या माळ्याकडे मान वर करून पाहावें, एवढीच विनंति आहे.